मधला जोड

"माझा भाऊ खाली पडला, तेव्हा तुम्ही कोणतं गाणं म्हणत होता?"

धाकट्याने हा प्रश्न वर्षभर विचारला. कार्यक्रम भरवणाऱ्यांना विचारला, मैदानाच्या राखणदारांना विचारला, बँडच्या चाहत्यांना तर एकेकाला गाठून विचारला. कुणी हळहळलं, कुणी खांद्यावर हात ठेवला, कुणी फोन ठेवून दिला. उत्तर कुणीच दिलं नाही.

ड्रायव्हरकाकांनी गोष्टीला अशी सुरुवात केली, तेव्हा मैदानात एकच दिवा जळत होता. बॅरिकेड लावून दमलेली पोरं स्टेजजवळ ताडपत्रीवर पडली होती. विषय निघाला तो एका पोराच्या कुरकुरीवरून.

"काका, बाकी सगळी पॅनल सुटी आणि मधली ही दोनच चिकटलेली का? सहा जण लागतात उचलायला. कंबर मोडली माझी. ग्राइंडर फिरवा ना एकदा, होऊ दे वाटणी."

"त्याला ग्राइंडर लावायचा नाही."

"का? मुहूर्त नाही?"

"ऐक मग. आणि कुणाला आडोशाला जाऊन यायचं असेल तर आत्ताच जा. नंतर एकटे जाणार नाही तुम्ही."

पोरं खिदळली. पण दोघं उठून जाऊन आली.

दोघे भाऊ होते, काका सांगू लागले. थोरला वेल्डर, धाकटा त्याच्या हाताखाली. आईबाप लवकर गेलेले, त्यामुळे धाकट्याला भाऊही तोच आणि बापही तोच. थोरल्याला एक खोड होती. लोखंड दिसलं की बोट मुडपून पेराने दोनदा वाजवायचं. टण्... टण्. बसचा दांडा असो, दवाखान्यातली खाट असो, कुणाचं फाटक असो. म्हणायचा, "माणूस खोटं बोलेल रे, लोखंड नाही. जोड कच्चा असला की आवाज बसतो त्याचा."

आणि एक व्यसन होतं. हा बँड. आठवडाभर राबायचं आणि बँड ज्या शहरात जाईल तिथे रात्रीच्या गाडीने धावायचं. धाकट्याचं डोकं फिरायचं.

"दादा, चार केसाळ माणसं बोंबलणार आणि तू तिकीट काढून ऐकणार? आपल्या गल्लीतली कुत्री फुकट बोंबलतात की!"

"एकदा बॅरिकेडला टेकून उभा राहा. ड्रम कानात नाही वाजत, लोखंडातून छातीत येतो."

"मला आहे ती छाती पुरे."

मग एका वर्षी थोरला गेला तो आलाच नाही. याच मैदानात, याच स्टेजपुढे. मागून गर्दीचा लोंढा आला आणि तो पायाखाली गेला. कार्यक्रम संपून दिवे लागले, मैदान रिकामं झालं, तेव्हा सापडला. त्याच्यावरून किती जण नाचले, देव जाणे.

चाहत्यांनी काय केलं? मोबाइलवर मेणबत्त्या पेटवल्या. कुणीतरी लिहिलं, "आवडतं गाणं ऐकत गेला, आनंदात गेला." त्याखाली हजारो बदाम. धाकट्याने ते शेजाऱ्याकडून वाचून घेतलं आणि फोन भिंतीवर आपटला. फोनही शेजाऱ्याचाच. आनंदात गेला म्हणे! फासळ्या मोडून, तोंडात माती जाऊन माणूस आनंदात जातो?

पुढच्या वर्षी बँड पुन्हा इथेच येणार म्हणून कळलं. धाकटा आमच्या मुकादमाकडे आला आणि बॅरिकेड लावायच्या कामाला लागला. मुकादमाला वाटलं, गरजू पोरगा आहे.

ती १९ जानेवारीची रात्र, शुक्रवार. थंडी अशी की पाना हाताला चिकटत होता. बॅरिकेड उभं राहिलं, सगळे जोड आवळून झाले. मुकादम पाठमोरा झाला आणि धाकट्याने मधल्या जोडाचे चारही बोल्ट काढून खिशात टाकले. पुढचा विचार त्याने केला नव्हता. विचार करून काही करणाऱ्यातला तो नव्हताच. एवढंच डोक्यात होतं, की उद्या लोंढा येईल, पॅनल फाकेल आणि पहिल्या रांगेतली ही मेंढरं तोंडावर आपटतील. माती कशी लागते ते कळेल एकदा.

"अरे, ट्रकमधून काळं कापड आण," मुकादम म्हणाला. "बॅरिकेडवर बांधलं की झोपा."

कापड बांधलं की जोड झाकला जाणार होता. मग कुणी बघणार नव्हतं. धाकटा लगबगीने निघाला. रात्रीचा पाऊण वाजला होता. ट्रक मोठ्या गेटाबाहेर रस्त्यावर उभा होता. ट्रकात मी.

गेटापासून भिंतीला लागून रांग होती. उद्याच्या कार्यक्रमाची. लोक पुठ्ठे अंथरून, चादरी गुंडाळून बसलेले. पहिल्या रांगेत जागा मिळावी म्हणून. नोकरी-धंदा, पोरंबाळं असलेली माणसं, आणि फुटपाथवर कुडकुडतायत. कुणाच्या मयताला तासभर थांबणार नाहीत.

धाकट्याला बघून एक ढेरपोट्या ओरडला, "ओ, मधे घुसू नका! लाइन मागून!"

त्याच्या गळ्यात दोऱ्याला गिटार छेडायची प्लॅस्टिकची चकती लटकत होती. ताईत बांधावा तशी.

"हे काय? नजर लागते वाटतं तुम्हाला?" धाकटा म्हणाला.

"नजर? अहो, गिटारवाल्याच्या हातातून सुटून माझ्या डोक्यावर पडली ही! तीन दिवस डोकं धुतलं नाही मी."

"वासावरून कळतंय."

शेजारी चादरीत एक शाळेच्या बाई होत्या. त्या हसल्या. "तुम्हाला नाही कळायचं. गायकाने गेल्या वर्षी सरळ माझ्याकडे बघितलं. म्हणाला, तुमच्यासारखं शहर नाही कुठे."

"हेच तो प्रत्येक शहरात म्हणतो."

"म्हणू दे. बघून मात्र मलाच म्हणाला."

या दोघांच्या मधे एक जागा रिकामी होती. एवढी थंडी, लोक एकमेकांना चिकटून बसलेले, आणि मधे एका माणसापुरती मोकळी जागा. तिथेही पुठ्ठा अंथरलेला होता.

"इथे कोण?" धाकट्याने विचारलं.

"माणूस आहे," ताईतवाला म्हणाला.

रांगेची ती रीतच होती. कुणी पाणी प्यायला, पाय मोकळे करायला उठलं, की शेजाऱ्याने "माणूस आहे" म्हणायचं. तेवढं म्हटलं की ती जागा कुणी घेत नाही. दिवस गेला तरी.

"कुठे गेलाय?"

"मला काय माहीत? बाई बोलल्या माणूस आहे म्हणून."

"मी?" बाई म्हणाल्या. "अहो, मला तुम्हीच सांगितलंत."

"मी कशाला सांगू? मी आलो तेव्हा तुम्हीच..."

धाकट्याने पुठ्ठ्याकडे बघितलं. पुठ्ठा मधोमध दबलेला होता. कुणी बसल्यासारखा.

मागे गेटाचं लोखंड वाजलं. टण्... टण्.

"वारा आहे," ताईतवाला म्हणाला. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

वारा नव्हता.

धाकट्याने मान झटकली. बाईंना म्हणाला, "गेल्या वर्षी तुम्ही होता ना इथे? माणूस मेला तेव्हा?"

"होते की. अहो, मीही गेलेच असते. लोंढा आला आणि मी खाली. चेहऱ्यावर बूट पडला एक. तेवढ्यात कुणीतरी काखेत हात घातला आणि मला वर फेकलं. चेहरा नाही दिसला. हात तेवढा दिसला. मनगटापर्यंत भाजल्याचे ठिपकेच ठिपके."

ठिणग्यांचे ठिपके. धाकट्याच्या हातावरही होते. त्याने हात मागे घेतला.

"मग?"

"मग काय?"

"मग त्याचं काय झालं?"

"मागे गेला असेल. पुढचं गाणं सुरू झालं ना लगेच."

"कोणतं?"

बाईंनी चादर गळ्याशी ओढली. "आठवत नाही हो."

धाकट्याच्या कानशिलात आग पेटली. खिशात हात गेला, एक बोल्ट निघाला आणि त्याने तो जिवाच्या जोरावर भिंतीपलीकडे भिरकावला. बाई दचकल्या. तो काही न बोलता माझ्याकडे आला, कापडाचं गाठोडं उचललं. मी विचारलं, "काय रे, रडतोयस?" म्हणाला, "थंडीने पाणी येतंय." आणि आत गेला.

आत सगळे झोपले होते. जनरेटर बंद. स्टेजच्या कडेला एक दिवा. त्याने गाठोडं खाली टाकलं. मधल्या पॅनलकडे निघाला.

टण्... टण्.

बॅरिकेडच्या पार त्या टोकाला. अंधारात.

"कोण आहे?"

थोड्या वेळाने पुढचं पॅनल. टण्... टण्. मग त्याच्या पुढचं. घाई नाही. एकेक जोड तपासत कुणीतरी येत होतं. पावलं नव्हती. नुसता आवाज.

टण्... टण्.

जवळ.

दिवा पॅनलवर पडला होता. स्वच्छ दिसत होतं. तिथे कुणी नव्हतं.

टण्... टण्.

शेजारचं पॅनल. मग मधला जोड.

ठप्प.

आवाज बसला. मग काहीच नाही. धाकट्याला स्वतःचा श्वास ऐकू येत होता. आणि आणखी एक. आपला नाही असा.

ठप्प... ठप्प.

लहानपणी कच्चा टाका मारला की दादा असाच पुन्हा वाजवायचा. बोलायचा नाही. सुधारेपर्यंत वाजवत राहायचा.

"दादा..."

ठप्प.

"दादा, या लोकांसाठी? अरे, तुझ्यावर नाचले हे!"

ठप्प... ठप्प... ठप्प...

धाकटा गुडघ्यांवर आला. खिसा उलटा केला. एक बोल्ट बसवला. दुसरा. तिसरा. पाना निसटून बोटं सोलली. चौथं भोक रिकामं. चौथा भिंतीपलीकडे.

"तीनच आहेत रे... तीनच..."

मग त्याच्या कानाशी, अगदी हळू...

ठप्प.

तो धावत सुटला तो थेट माझ्या ट्रकच्या केबिनमध्ये. अंगात हीव भरलं होतं. सकाळपर्यंत दातांवर दात. मी विचारलं तर म्हणाला, "काका, दार लावा." दिवस उजाडून तो आत गेला, तोवर बाकीच्यांनी कापड बांधून टाकलं होतं. बोल्ट मागावा, तर तो गेला कसा म्हणून मुकादम विचारणार. हा गप्प राहिला.

संध्याकाळी गेट उघडलं आणि मेंढरं धावली. धाकटा बॅरिकेडच्या आतल्या बाजूला उभा राहिला, स्टेजकडे पाठ करून, मधल्या जोडावर दोन्ही हात टेकून. कुणी हल म्हटलं तरी हलेना. समोर ताईतवाला होता, बाई होत्या. कपाळावरच्या शिरा फुगवून, डोळे मिटून, तोंडं वासून दोघं ओरडत होते. आणि दोघांच्या मधे, इतक्या गर्दीत, एका माणसाची जागा रिकामी होती. मागचे रेटत होते, पण तिथे कुणाचा खांदा शिरत नव्हता.

लोंढा आला. गेल्या वर्षी आला होता तसाच. बॅरिकेड धनुष्यासारखं वाकलं. धाकट्याने डोळे मिटले. तीन बोल्ट... त्याला वाटलं, गेलं सगळं.

नाही गेलं. जोड हलला नाही. केसभरसुद्धा नाही.

"पोरांनो, नशीब म्हणाल तुम्ही," काका म्हणाले.

रात्री उतरवायला घेतलं. कापड सोडलं, धाकट्याने तीनही बोल्ट काढले, पॅनल ओढलं. सुटेना. मुकादमाने ओढलं. सुटेना. मी बॅटरी मारली.

जोडावर वरपासून खालपर्यंत वेल्डिंगची ओळ होती. ताजी, निळसर. माशाच्या खवल्यावर खवला बसावा तशी.

आता तुम्हीच सांगा. वेल्डिंग मशीन आम्ही आणलंच नव्हतं. जनरेटर रात्रभर बंद. ठिणगी कुणी पाहिली नाही. कापड सकाळी बांधलं ते सुटलं कधी?

मुकादम ग्राइंडर आणायला वळला, तर धाकट्याने त्याचं मनगट धरलं. बोट ओळीवरून फिरवलं. खवले उलटे कललेले होते. असं डाव्या हाताने मारलं तरच होतं.

"दादा डावखुरा होता," तो म्हणाला.

मग त्याने सगळं सांगितलं, त्या रात्री तिथेच. मुकादम मारेल असं मला वाटलं होतं. मुकादमाने ग्राइंडर परत पेटीत ठेवला.

कंबर मोडलेल्या पोराने मोबाइलची बॅटरी लावली आणि ताडपत्रीवरूनच, न उठता, उजेड मधल्या पॅनलवर टाकला.

"काका, जोड दिसत नाही. त्याच्यावर कापडाची घडी शिवलीय. जाड."

"ती धाकट्याचीच. दुसऱ्या दिवशी काम सोडून गेला तो, पुन्हा इकडे फिरकला नाही. पण जायच्या आधी सुई-दोरा मागितला माझ्याकडे. तिथे बसून ती घडी शिवत होता. मी म्हटलं, हे कशाला आता? तर मान वर न करता म्हणाला, 'ओळ धारदार आहे. उद्या परत येऊन छाती घासतील तिथे. गाढव कुठले.' आणि दात लावून दोरा तोडला."