तानाबाईची रातची हाक

रजत, तो मोबाईल जरा पालथा ठेव बापू, उजेड डोळ्यात येतो. हं. तांड्यावरचा भावसिंग तुम्हाला माहीत आहे, माझ्या सोबतीचा. त्यानं मला सांगितलं तसंच सांगतो. पदरचं काही घालत नाही.

गेल्या साली संक्रांतीची आदली रात्र. सोमवार होता, पुनव होती. मारेगावकडे, भावसिंगच्या तांड्याला लागूनच्या गावात तानाबाई राहते. तिचे मालक सदाशिवराव त्याआधीच्या पावसाळ्यात वारले. घरात बाई एकटी, अन् समोरच्या खोलीत पार आढ्यापर्यंत कापूस. दिवाळीपासून वेचून आणलेला, थरावर थर, पायानं तुडवून दाबलेला. भाव चढेपर्यंत आपण घरातच ठेवतो ना, तसा. पोरीचं, दिपालीचं, नर्सिंगचं शेवटचं वर्ष त्याच कापसावर होतं. कापूस गेला की शिक्षण गेलं.

अन् चोर तेव्हा मोकाट. रात्री टेम्पो लावायचे, खोलीच्या खोली रिकामी करायचे. तानाबाईनं मग एक युक्ती काढली. शेवटची एसटी गेली की दारात उभी राहून मोठ्यानं हाक द्यायची, "अवो, कडी लावली का?" रस्त्यावरच्याला वाटावं, घरात माणूस आहे.

भावसिंग हसायचा. "वयनी, जिते होते तवा तरी सदाशिवराव उठून कडी लावत होते काय?"

"नाही लावली कधी," ती म्हणायची. "आता तरी लावतीन."

त्या सोमवारी दिपालीला ताप आला म्हणून होस्टेलवरून फोन आला. तानाबाई यवतमाळला निघाली. भावसिंगला म्हणाली, "भाऊ, आज रातच्यानं माह्या घरी झोपजा. अन् हाक मारजा, इसरजा नोको. तो चादरीवाला दोन डाव येऊन गेला. चादरी कमी अन् घरंच जास्त पाहून राह्यला होता."

भावसिंगनं काठी घेतली, घोंगडी घेतली. दार आतून लावलं, कडी घातली, दाराला पाठ लावून बसला. शेजारचे सगळे जागलीला, हरभरा राखायला शेतात. एसटी गेली. त्यानं घसा साफ केला. बायकांसारखं काय ओरडायचं, त्याला लाज वाटली. तरी ओरडला.

"सदाशिवराव, कडी लावली का?"

"हो."

...आवाज खोलीतूनच आला. कापसाकडून.

भावसिंगच्या मनात भूत आलंच नाही, बरं का. त्याच्या मनात चोर आला. दिवसाच शिरला असेल, कापसात दडला असेल, रात्री आतून कडी काढून देणार. त्यानं टॉर्च लावला. काठी कापसात खुपसली. कोपरापर्यंत हात आत गेला. काही लागलं नाही. दुसरीकडे खुपसली. काही नाही. वर चढला.

वर एक खळगा होता. माणूस निजून उठल्यासारखा. त्यानं हात लावला.

ऊन होता.

तो खाली उतरला. टॉर्च विझवला. बसला.

मग रस्त्यावर टेम्पो थांबला. दिवे बंद.

तीन-चार जण. दाराच्या फटीतून चांदण्यात त्याला दिसले. पुढचा तो चादरीवाला. हातात लोखंडी सब्बल, पहारीसारखी, मुठीला लाल चिंधी गुंडाळलेली.

"मघा कोनीतरी ओरडलं ना बे?"

"कोनी नाही. बुढी गेली यवतमाळले. म्या सोता पाह्यलं तिले गाडीत बसतानी."

भावसिंगला ओरडायचं होतं. सब्बलीचं टोक फटीत शिरलं. लाकूड करकरलं. कडी वाकायला लागली...

पाठीमागे कापूस दबला. कोणीतरी कूस बदलली.

मग खोकला.

"कोन हाये?"

...

भावसिंग बोलला नव्हता. तोंडावर हात होता त्याचा.

बाहेर धावपळ झाली. टेम्पो गेला. मग काहीच नाही. तो हलला नाही. मागं वळून पाहिलं नाही. उजाडेपर्यंत दाराला टेकून तसाच बसून राहिला.

सकाळी दार उघडलं. चौकटीवर सब्बलीची खूण. सब्बल नव्हती. घेऊन गेले असतील, त्याला वाटलं. तानाबाई आली तेव्हा त्यानं सगळं सांगितलं. तिनं चूल पेटवली. चहा ठेवला. दोघांचाच ठेवला, हे भावसिंगनं मुद्दाम पाहिलं.

होळीच्या आधी भाव चढला. व्यापाऱ्याचे हमाल आले. वरून थर काढत काढत गेले. दिवाळीत घातलेला पहिला थर, पार खालचा, पिवळा पडलेला, तोही उचलला.

खाली फरशीवर सब्बल होती. मुठीला लाल चिंधी.

हमाल उचलायला वाकला. तानाबाईनं त्याचा हात धरला.

यंदाचा कापूस तिनं त्या सब्बलीवरच भरला आहे.