कडुनिंबाखालची माय

लोणखेड्याचा नवल तलाठी आईला घेऊन नंदुरबार स्टेशनावर पोचला, तेव्हा ऊन माथ्यावर यायला लागलं होतं. वैशाखाचे दिवस. आदल्या दिवशी बैलगाडी निघाली होती. प्रकाशाला तापी उतरून देवळाच्या धर्मशाळेत मुक्काम केला आणि पुन्हा तांबडं फुटायच्या आत बैल जुंपले. गाडीत कडब्यावर गोधड्या अंथरून धनुबाईला निजवलं होतं. ओसरीच्या पायरीवरून पडून तिचा खुबा मोडला होता. गावच्या वैदूनं हळदीचा लेप बांधला, पण पाय काही जमिनीला लागेना. सुरतेला हाडांचा मोठा डॉक्टर आहे असं कुणीतरी सांगितलं, म्हणून ही यातायात.

सुरतेची गाडी पलीकडच्या फलाटावर लागायची. मधे रूळ, ते ओलांडायला लाकडी फळ्या. म्हातारीला उचलून नेलं तर ती कळवळायची. नवलनं तिला अलीकडच्या फलाटावर, कडुनिंबाखालच्या दगडी बाकावर भिंतीला टेकवून बसवलं आणि तो स्टेशन मास्तरांकडे गेला.

"साहेब, आईला चालता येत नाही. काही सोय होईल का?"

मास्तर भले गृहस्थ होते. "चाकाची खुर्ची आहे पार्सल ऑफिसात," ते म्हणाले. "गोवाल हमाल घेऊन जाईल. तुम्ही तोवर तिकिटं काढा."

गोवाल म्हणजे सातपुड्यातून पोटासाठी खाली उतरलेला भिल्ल. उंच, हाडकुळा, कमी बोलणारा. त्यानं मान हलवली आणि खुर्ची आणायला गेला. नवल आईपाशी येऊन वाकला.

"माय, हमाल आते येई. तुले खुर्चीमा बसाडी लई जाई. मी तिकीट लई येस."

"लवकर ये हां, बाप," धनुबाई म्हणाली. तिच्या कपाळावर घाम डवरला होता. तोंडाला तंबाखूचा वास. "माले उठता येत नई."

तिकिटाच्या खिडकीपाशी गर्दी होती. नवलनं मान वळवून पाहिलं, तर गोवाल खुर्ची ढकलत फळ्यांवरून चालला होता. खुर्चीत आई, डोक्यावर पदर. लोखंडी चाकं करकरत होती. बाकी सगळं स्टेशन उन्हानं मुकं झालं होतं. कुत्रीसुद्धा सावल्यांत मेल्यासारखी पडली होती. चला, एक काम झालं, असं म्हणून नवल पुन्हा खिडकीकडे वळला.

तिकिटं हातात पडली तेव्हा गाडी पलीकडे येऊन उभी होती. नवल शेवटच्या डब्याला वळसा घालून धावतच पोचला. दाराशी गोवाल रिकामी खुर्ची धरून उभा होता.

"माय गाडीमा बसाडी दिधी, दादा."

धनुबाई खिडकीशी बसली होती. ताठ, हात मांडीवर. नवलला हायसं वाटलं. तो शेजारी टेकला आणि पंच्यानं वारा घालू लागला.

तेवढ्यात रुळांपलीकडून हाक आली.

"नवल..."

आवाज ओळखीचा होता. म्हणूनच त्याला आधी काही वाटलं नाही. त्यानं सहज रुळांकडच्या खिडकीतून बाहेर पाहिलं.

कडुनिंबाखालच्या बाकावर त्याची आई बसली होती. भिंतीला टेकून, त्यानं बसवली होती तशीच. एक हात त्याच्याकडे लांब केलेला.

नवलच्या हातातला पंचा गळून पडला. त्यानं शेजारी पाहिलं. शेजारीही आईच होती. तेच हिरवं लुगडं, तेच गोंदण, हनुवटीवरचा तोच तीळ.

तो खाली उतरला. गोवालनंही ते पाहिलं होतं.

"दादा... मी तर उचलीसन बसाडी तिले. वजन व्हतं तिले..."

नवल पळत डब्याला वळसा घालून फळ्यांवर आला आणि रुळांच्या मधोमध थांबला. तिथून त्याला बाकावरची आई नीट दिसत होती. कपाळावरचा घाम दिसत होता. लुगड्यावर उमटलेला लेपाचा पिवळा डाग दिसत होता.

"माले सोडी चालना का, बाप?" ती म्हणाली. ओरडली नाही. घरी चुलीपुढं बसून विचारावं तसं विचारलं.

मागून, डब्यातून, तोच आवाज आला. "नवल, गाडी सुटी जाई. ये."

इंजिनानं शिट्टी दिली. नवलनं एक पाऊल पुढं टाकलं... आणि थांबला. ऊन लागलंय आपल्याला, त्यानं स्वतःला समजावलं. आई तर गाडीत बसली आहे. हमालानं बसवली आहे. डॉक्टर सुरतेला आहे, आणि सुरतेला तर गाडीच जाणार. डबे हलले तसा तो पाठ फिरवून धावला आणि लटकतच आत चढला.

खिडकीतून त्यानं पुन्हा पाहिलं. ती हात खाली घेत होती. सावकाश, दुखणाईत माणसानं घ्यावा तसा.

गाडीनं वेग घेतल्यावर त्याच्या लक्षात आलं. डबा भट्टीसारखा तापला होता, सगळी माणसं निथळत होती. शेजारी बसलेल्या आईच्या कपाळावर घामाचा टिपूससुद्धा नव्हता. तंबाखूचा वासही येत नव्हता. येत होता तो नदीकाठच्या ओल्या गाळाचा.

सुरतेच्या डॉक्टरांनी खुब्याचा एक्स-रे फोटो काढला आणि ते चक्रावले. "हे हाड कधी मोडलेलंच नाही," ते म्हणाले. धनुबाई स्वतःच्या पायांनी दवाखान्याबाहेर आली.

परतताना नवल नंदुरबारला उतरला तो थेट कडुनिंबाकडे गेला. बाक रिकामा होता. मास्तरांना विचारलं, तर गोवाल काम सोडून डोंगरात निघून गेला होता आणि बाकावर कुणी म्हातारी राहिल्याचं त्यांच्या कानावर नव्हतं. "शोधताय कुणाला?" त्यांनी विचारलं. "आई तर तुमच्याबरोबरच आहे."

घरी सगळे आनंदले. नवलची बायको छबूबाई तर सासूची दृष्ट काढून थकेना. धनुबाई दळण करी, पाणी भरी, सगळ्यांना नावानं हाक मारी. आजारी म्हणून कधी निजली नाही. नवल मात्र तिच्या हातचं जेवताना खाली मान घाली. अंगणात ती समोरून आली की त्याला तो खाली जाणारा हात आठवे. एकदा छबूबाई माहेरी गेली असताना त्यानं धीर करून विचारलं,

"माय, ती कोण व्हती?"

धनुबाईनं सुपातले खडे वेचणं थांबवलं नाही. "जिले सोडी दिधी," ती म्हणाली, "तिन्हं नाव लेवानं नई."

त्यानंतर त्यानं विचारलं नाही. झोप गेली, अन्न गेलं, चाळिशीतच केस पांढरे झाले. दर उन्हाळ्यात काही ना काही निमित्त काढून तो नंदुरबारला जाई आणि त्या बाकावर बसून येई. घरातली ही मेली असती तर निदान रडता आलं असतं. बाकावरची ती मेली असेल तर तिचं सुतक कुणी धरलं?

पुढं एकोणीसशे साठ साल उलटून गेल्यावर त्याची बदली अक्कलकुव्याकडे झाली. खापरच्या बाजारात, मिरच्यांच्या ढिगाऱ्यांमधून जाताना कुणीतरी त्याच्यापुढं येऊन हात जोडले. गोवाल! म्हातारा झाला होता. नवलनं त्याला ओढतच एका बाजूला नेलं.

"गोवाल, त्या दिवशी... गाडी गयी, मंग तिन्हं काय झायं?"

"काय व्हणार, दादा. मी पाणी पाजं तिले. रडनी नई. वाट देखी ऱ्हायनी व्हती." गोवाल हसला. "मंग सांजले तुम्हीच परत उनात ना तिले लेवाले."

"मी?"

"तुम्हीच. मी खुर्ची आणस म्हणं, तं तुम्ही नको म्हणनात. मायले पाठवर लिधं अन् गयात. माय तुमन्हा गळाले धरीसन इतकी रडनी..."

भोवती बाजार गजबजला होता, आणि नवलला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं.

गोवालनं त्याच्या मागं, डाव्या-उजव्या बाजूला, कुणाला तरी शोधल्यासारखं पाहिलं.

"मांगला बजारले तुम्ही भेटनात तव्हय तं माय तुमन्हा हात धरीसन चाली ऱ्हायनी व्हती," तो म्हणाला. "आज मायले कोठे सोडी दिधी, दादा?"