समुद्रावर चालणारा फोन

तेच सिमकार्ड आईच्या जुन्या फोनमध्ये घातलं की चालत होतं, आणि नव्या फोनमध्ये घातलं की पडद्यावर अक्षरं उमटत होती : 'हे कार्ड चालणार नाही.' रेवती तांडेलने ते काढलं, पुसलं, पुन्हा घातलं. अक्षरं तीच.

साल २०४६. वेंगुर्ल्यापासून दूर, भर समुद्रात उभ्या असलेल्या पवनचक्क्यांची पाती दुरुस्त करायचं काम रेवतीची आई, सुचित्रा, करत असे. उद्या दुपारच्या भरतीला तिची बोट सुटणार होती, तीन महिन्यांसाठी. तिथवर नेहमीच्या मोबाइल कंपन्यांच्या मनोऱ्यांचा सिग्नल पोचत नव्हता. पवनचक्क्यांचं स्वतःचं नेटवर्क होतं, त्याचा एक मनोरा धक्क्यावरही होता, आणि त्याचं कार्ड प्रत्येक कामगाराला मिळत असे. जुन्या फोनची बॅटरी फुगली होती, आणि फुगलेली बॅटरी बोटीवर चढू देत नसत. म्हणजे नवा फोन चालला नाही, तर तीन महिने आईचा आवाज ऐकू येणार नव्हता.

दोघी धक्क्यावरच्या दुरुस्तीखोलीत गेल्या. तिथल्या यंत्रमानवाला सगळे पान्या म्हणत. पान्याने फोन उघडला नाही. त्याने रेवतीला एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहायला सांगितलं.

तिने पवनचक्क्यांचं कार्ड शेजारच्या खलाशाच्या फोनमध्ये घातलं. चाललं. मग फोनबरोबर आलेलं कंपनीचं कार्ड नव्या फोनमध्ये घातलं. तेही चाललं.

"कार्ड चांगलं, फोनही चांगला," रेवती म्हणाली. "मग दोघांचं भांडण आहे का?"

"भांडण नाही, हुकूम आहे," पान्या म्हणाला.

मग त्याने समजावलं. प्रत्येक कार्डात एक लांबलचक क्रमांक असतो. त्याचे सुरुवातीचे आकडे देश आणि नेटवर्क सांगतात. कुलूपबंद फोन (एकाच कंपनीच्या नेटवर्कपुरता बांधून ठेवलेला फोन) आधी ते आकडे वाचतो. आपल्या कंपनीचे नसले, तर पुढे जात नाही. शाळेच्या बसचं इंजिन ठणठणीत असतं, डिझेलही असतं, पण दुसऱ्या शाळेचं ओळखपत्र दाखवलं तर चढू देत नाहीत, तसंच हे. कुलूप यंत्रात नसतं, फोनच्या सूचनांमध्ये असतं.

"पण कंपनी असं का करते?" रेवतीला राग आला होता.

उत्तर आईने दिलं. हा फोन त्यांना निम्म्या किमतीत मिळाला होता. त्या बदल्यात दोन वर्षं त्याच कंपनीची सेवा वापरायची, असा करार होता. तो तिने नीट वाचला नव्हता. कंपनीला विचारल्यावर कळलं, की मुदत संपल्याशिवाय कुलूप उघडणारा संकेतांक मिळणार नाही. रेवतीने पान्याकडे पाहिलं. करार ज्याच्याशी केला, कुलूपही त्यानेच उघडायचं, असं म्हणून तो बाजूला झाला. मात्र वापर झालेला नसल्याने कंपनी फोन परत घेईल, हेही त्यानेच सांगितलं. कंपनीने तो परत घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्याच्या रस्त्यावरचं बांदेकर काकींचं फोनचं दुकान उघडायच्या आत मायलेकी दारात होत्या. रेवतीच्या मुठीत कार्ड होतं.

"काय गो, कार्ड घेऊन खरेदीला? माझ्यावर भरवसा नाय तुझा?" काकी म्हणाल्या.

"तुमच्यावर आहे, काकी. फोनवर नाही."

काकी हसल्या आणि त्यांनी एक चकचकीत खुला फोन (कुठल्याही कंपनीचं कार्ड स्वीकारणारा) काढून दिला. त्याने कार्ड लगेच स्वीकारलं. पण नेटवर्कची एकही रेघ येईना. जुन्या फोनवर याच जागी चार रेघा दिसत होत्या. आईने घड्याळाकडे पाहिलं.

रेवती विचार करू लागली. या वेळी फोनने नकार दिला नव्हता. त्याला मनोरा ऐकूच येत नव्हता. तिने खोक्यावरचा मजकूर वाचून पान्याला फोन लावला आणि पवनचक्क्यांचा मनोरा कोणत्या वारंवारतेवर (रेडिओलहर सेकंदाला किती वेळा हेलकावते ती संख्या) बोलतो, ते विचारलं. कमी वारंवारतेच्या लहरी समुद्रावर लांबवर पोचतात, म्हणून तिथे तीच वापरत. खोक्यावर ती नव्हती.

"म्हणजे दार उघडं, पण कान बहिरे," रेवती म्हणाली.

काकींनी सगळी खोकी खाली काढली. गिऱ्हाइकांना थांबायला सांगून त्या एकेक वाचत गेल्या. अखेर एक जाड, मातकट रंगाचा, कोणी न घेतलेला खुला फोन निघाला. त्यात चार रेघा आल्या. आईने काकींचे दोन्ही हात धरले.

बोट वेळेवर सुटली. संध्याकाळी घरचा फोन वाजला. आधी नुसता वारा ऐकू आला, मग आई म्हणाली, "जेवलीस का गो?"

चार दिवसांनी आईच्या नेहमीच्या वेळेला एका मुलाचा फोन आला. तो दापोलीचा यासीन मुकादम. त्याचे अब्बा आईबरोबर कामाला होते आणि त्यांचा फोन कुलूपबंद निघाला होता. आता ते आपलं कार्ड आईच्या फोनमध्ये घालून घरी बोलत. थँक्यू म्हणायला अब्बांनी सांगितलंय, असं तो म्हणाला आणि मग विचारलं, "पण तुमचा फोन आमचं कार्ड कसा घेतो?"

रेवतीने सगळं सांगितलं, कुलूपही आणि वारंवारताही. यासीनने मधे दोनदा अडवून प्रश्न विचारले. पुढच्या खेपेला अब्बांचा फोन आपणच तपासून घेऊ, असं त्याने ठरवून टाकलं.

त्या दिवसापासून आईशी बोलताना रेवतीच आधी म्हणू लागली, "आई, आता ठेव. कार्ड बदल. यासीन वाट बघत असेल."