तिसरा शंख

बोटीतून उतरून काल्मेटने वाळूत पाय ठेवला, तोच एका मुलीने त्याचा दंड धरला.

"आडवा हो. तुझा पाय मोडलाय."

"माझा?... कधी?"

"आत्ताच, वादळात." लेविया हसलीसुद्धा नाही. "सराव चाललाय. ज्याने जखमी व्हायचं, तो मासे मारायला गेलाय. आणि हे बघ, जखमी माणूस इतकं बोलत नाही."

चौघींनी त्याला झोळीत घालून टेकडीवरच्या शाळेत नेलं. तो वाटभर कण्हत होता — आणि तिच्याकडेच बघत होता.

काल्मेट मामाकडे बोटींची इंजिनं दुरुस्त करायला आला होता. मागच्या वादळात लेवियाची आई गेली. अंथरुणाला खिळलेल्या तिला कोणी उचलायचं, हे ठरलेलंच नव्हतं. म्हणून आता लेविया घरोघर फिरून कोणी कोणाला उचलायचं ते ठरवत होती. तोही सोबत फिरू लागला.

"माझ्या बाबांना तू उचलायचं."

"आणि तुला?"

"मला पाय आहेत."

"तेच बघतोय मघापासून..."

"डोळे फुटतील!" ती म्हणाली, पण हसू काही आवरलं नाही.

नियम एकच कडक होता — वादळाच्या इशाऱ्याचा तिसरा शंख वाजला की शाळेचं दार बंद. मग कोणी बाहेर जायचं नाही.

मार्चमध्ये वादळ आलं. काल्मेटने तिच्या बाबांना पाठीवर घेऊन वर आणलं. मागोमाग येतो म्हणालेला मामा मात्र बोट बांधायला परत फिरला होता. तिसरा शंख वाजला.

काल्मेट दाराकडे धावला. लेविया अडसराला पाठ लावून उभी होती.

"बाजूला हो!"

"नाही."

"माझा मामा आहे तो, लेविया!"

"नाही..."

बाहेर माड कडाकडा मोडत होते. तो तिच्या पायाशी कोसळला.

वारा पडल्यावर मामा खडकांत सापडला. गावात दुसरं कोणी दगावलं नाही. सगळे लेवियाला दुवा देत होते. काल्मेट तिच्याकडे बघतही नव्हता.

मामाला पुरून लोक परतले. ती काल्मेटजवळ थांबली.

"नियम होता, हेच सांगणार ना?" तो म्हणाला.

"नियम होता म्हणून नाही..." ती म्हणाली. "दुसरा कोणी बाहेर जायला निघाला असता तर मी दार उघडलं असतं, काल्मेट. तू होतास — म्हणून नाही उघडलं."

तो ओल्या मातीजवळ खाली बसला.

"मी तुला माफ केलेलं नाही."

"माहीत आहे."

"पण... तुला सोडून जाताही येत नाहीये मला."

ती शेजारी बसली. तिचा हात त्याच्या हाताला लागला. त्याने तो धरला नाही... आणि आपला काढूनही घेतला नाही.