सोडलेली जागा

"दोघींपैकी एकच जाईल! आन तीबी मी व्हय म्हनले तर!"

आक्काबाईंनी हातातलं सूप जमिनीवर आपटलं आणि निवडलेली बाजरी ओसरीभर उधळली. लंका खांबाला टेकून हुंदके देत होती. पुष्पावती मात्र खाली बसली आणि एकेक दाणा पदरात गोळा करू लागली... तिचे हात दाणे वेचत होते खरे, पण चित्त केव्हाच दुपारच्या त्या सभेत जाऊन बसलं होतं.

लढाई संपून वर्ष व्हायला आलं होतं. त्या लढाईनं पुष्पावतीचा नवरा काकासाहेब ब्रह्मदेशच्या रानात गिळला होता. पारनेरच्या त्या घरात मग तिघीच उरल्या होत्या: मोतीबिंदूनं डोळे अधू झालेल्या सासूबाई आक्काबाई, अठरा वर्षांची नणंद लंका आणि पंचविशीत कपाळ पांढरं झालेली पुष्पावती. लंका सात वर्षांची असताना पुष्पावती या घरात लग्न होऊन आली. लेकीसारखं तिनं लंकेला वाढवलं, कंदिलाशी बसवून तिचा अभ्यास घेतला. माहेरी नगरला तिनं स्वतः मराठी सातवीची, व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा दिली होती. लंकेनंही ती दिली तेव्हा पुष्पावतीला वाटलं, आपण दुसऱ्यांदा पास झालो!

त्या दुपारी नगरहून रजियाआपा नावाच्या बाई गावच्या शाळेत आल्या होत्या. पांढरं पातळ, डोक्यावर घट्ट पदर आणि आवाज असा की शेवटच्या रांगेतल्या बाईलाही आपल्याशीच बोलत आहेत असं वाटावं. त्या म्हणाल्या, "गावोगाव तरुण मुलं-मुली रिकाम्या बसल्या आहेत. त्यांची मंडळं उभारायला शिकलेली माणसं हवीत. आधी नगरला पंधरा दिवसांचं शिबिर. त्यातून निवड झाली की नऊ महिने पुण्याला शिक्षण. मग वर्षभर एखाद्या गावात देखरेखीखाली काम. ते नीट पार पडलं की मगच संघटिकेचं प्रमाणपत्र."

"पन आपा," पुष्पावतीच्या तोंडून नकळत निसटलं, "पोरींना खेळवायचंबी शिक्षान असतं?"

बायका हसल्या. आपा मात्र हसल्या नाहीत. "खेळवायचं असतं, ऐकायचं असतं. भांडण लागलं तर मधे कधी पडायचं आणि कधी नाही, याचंही असतं."

ते शेवटचं वाक्य पुष्पावतीच्या काळजात जाऊन रुतलं! कधी पडायचं नाही, हे कसं बरं शिकवत असतील? फळ्यावर लिहून? की खरोखर भांडण लावून? घरी येताना तिनं लंकेला दहादा तेच विचारलं, आणि दोघींचे चेहरे असे उजळले होते की आक्काबाईंच्या अधू डोळ्यांनाही ते दिसलं.

अखेर पुष्पावतीनंच सासूची समजूत घातली. "नुसतं शिबिर हाय, आत्याबाई. लंका एकटी कशी जायची? मी सोबतीला जाते. म्होरचं म्होरं बघू." शेजारच्या छबूबाईनं पंधरा दिवस भाकर-तुकडा बघायचं कबूल केलं, आणि दोघी मोटारीत बसल्या.

काय ते दिवस होते! भल्या सकाळी प्रार्थना, मग लेझीम, मग पट्टी कशी बांधायची, साप चावला तर काय करायचं, सभा कशी चालवायची... पुष्पावती प्रत्येक तासाला पहिल्या ओळीत. तिचे प्रश्न संपत नसत. "आपा, लाजरी पोर खेळात येतच न्हाई, तर तिला वढायचं का सोडून द्यायचं?" आपा उत्तर देण्याऐवजी विचारायच्या, "तुम्ही काय कराल?" आणि पुष्पावती जेवताना, झोपताना त्याचाच विचार करी. नवरा गेल्यापासून जे मन तिनं कुलूपबंद करून ठेवलं होतं, त्याची दारं कुणीतरी धाडधाड उघडत होतं! एकदा सगळ्यांसमोर तिनं गोष्ट सांगितली तेव्हा शंभर मुली श्वास रोखून बसल्या. आपा हलकेच म्हणाल्या, "आमच्याकडे तालुक्यामागे एकच जागा आहे, पुष्पाबाई. ती कुणाची, हे मला आत्ताच कळल्यासारखं वाटतंय."

त्या संध्याकाळी तिला जेवणही सुचेना, इतका आनंद झाला होता...

आणि दुसऱ्याच दिवशी चुलत सासरे भिमाजीतात्या बाजारासाठी नगरला आले आणि शिबिराच्या फाटकाशी निरोप देऊन गेले. लंकेचं लग्न ठरलं होतं. सुप्याचा बिजवर. शिबिर आटोपलं की थेट घरी या, आठवड्यात सुपारी फोडायची.

लंका पांढरीफटक पडली. "वैनी, त्याची थोरली पोर माझ्यायेवढी हाय... पयलीला त्यानं कसं वागवलं, समद्यांना ठावं हाय. मी मरंन, पन..." तिनं पुष्पावतीच्या मांडीत तोंड खुपसलं.

पुष्पावती तिच्या केसांतून हात फिरवत राहिली. शिबिरात तालुक्याच्या इतर मुली केव्हाच मागं पडल्या होत्या. उरल्या होत्या त्या दोघीच. आपण निवडले गेलो तर लंका सुप्याला जाणार. लंका निवडली गेली तर...? तर आपण पुन्हा त्या ओसरीवर! हे उत्तर शोधायला तिला कुणा आपांची गरज नव्हती.

निवडीच्या दिवशी मैदानात शहरातल्या दांडगट पोरींचा घोळका आणून उभा केला होता. उमेदवारानं एकटीनं पुढं व्हायचं आणि त्यांना एकत्र आणून दाखवायचं. लंकेनं थरथरत्या आवाजात का होईना, त्यांना गोलात उभं केलं, खेळ लावला. मग पुष्पावतीचं नाव पुकारलं.

ती पुढं गेली. पोरी आरडत होत्या, एकमेकींना ढकलत होत्या. काय करायचं ते तिला स्पष्ट दिसत होतं! त्या कोपऱ्यातल्या उंच पोरीला आधी जवळ बोलवायचं, तिच्या हाती दोरी द्यायची, की बाकीच्या आपोआप... शब्द ओठांपर्यंत आले. तिनं ते परत गिळले, आणि दगडासारखी उभी राहिली.

"पुष्पाबाई, सुरू करा," आपा म्हणाल्या.

ती उभीच.

"पुष्पाबाई!"

"मला न्हाई जमायचं, आपा," ती म्हणाली आणि मैदान सोडून निघून गेली. आपांच्या नजरेतली ती निराशा पाठीवर झेलत जाणं तिला फार जड गेलं... फार जड!

निवड लंकेची झाली, आणि निवडलेल्या मुली तिथूनच पुण्याला निघणार होत्या. तिची वडीलधारी म्हणून संमतीची सही पुष्पावतीनंच केली. निरोप घेताना लंका तिच्या गळ्यात पडली आणि कीव येऊन म्हणाली, "वैनी, तुमी येवढ्या भ्यालात? मला वाटायचं, तुमाला समदं येतं."

"न्हाई गं पोरी," पुष्पावती हसून म्हणाली. "तू शिक. आन समदं ध्यानात ठेव."

ती एकटी घरी परतली. आक्काबाई दारातच उभ्या होत्या. एकाच माणसाची पावलं वाजली तशा त्या ओरडल्या, "माझी पोर कुटं हाय?"

"पुन्याला धाडली, आत्याबाई."

"कुनाला इचारून?"

"मीच धाडली. सही माझी हाय."

आक्काबाईंनी तिला मारलं असतं तर बरं झालं असतं. त्या आत वळल्या आणि भिंतीकडं तोंड करून बसल्या. सुप्याचं स्थळ मोडलं. गावात बोभाटा झाला, की वैनीनं नणंदेला काढून दिली, घर आपल्या नावावर करायला! आक्काबाई पुढ्यात ठेवलेली भाकर खात, हात धरून नेलं तर मागच्या अंगणात जात, पण सुनेचं नाव त्यांच्या तोंडून येईना. सांगून टाकावं, असं पुष्पावतीला कितीदा वाटलं. पण काय सांगायचं? माझी जागा होती, ती मी सोडली? बोललं की त्याग त्याग राहत नाही, त्याचं देणं होतं, आणि ते तिला लेकीसारख्या पोरीच्या गळ्यात बांधायचं नव्हतं.

फक्त एक गोष्ट तिला छळत राहिली. आज काय शिकवलं असेल? गोठ्यात शेण काढताना, हुलग्याच्या शेंगा झोडताना तिचं मन पुण्याला जाई. तिथं म्हणे मुलांच्या मनाचा अभ्यास करतात. मन काय दिसतं का? अन् परीक्षेत काय विचारत असतील, हट्टी मूल म्हणजे काय ते सांगा? ती स्वतःशीच हसे आणि हसता हसता डोळे पुसे.

शिमगा झाला आणि लंका आली. उन्हानं रापलेली, खादीच्या पातळातली, पाठीचा कणा ताठ. आईच्या पायाला हात लावला तेव्हा आक्काबाईंनी तिचा चेहरा चाचपला आणि त्या पुन्हा भिंतीकडं वळल्या. पुष्पावतीला मात्र धीर धरवेना. चुलीपुढं लंकेला बसवून तिनं विचारलं, "सांग बघू पयल्यापासनं! भांडनात कवा पडायचं न्हाई, ते शिकवलं का?"

लंका तिच्याकडं वळली.

"आधी मी इचारते, वैनी. त्या दिशी मैदानात तुमी गप का राह्यलात?"

"भ्याले हुते."

"खोटं!" लंकेचा आवाज चिरकला. "पुन्यात पयल्यांदा मुलींम्होरं उभी राह्यले आन माझी वाचाच बसली. पाय लटलट कापत हुते, तोंडाला कोरड, डोळ्यांम्होरं अंधार. भीती अशी असती, वैनी! तवा मला तुमचं तोंड आठवलं. तुमचे पाय कापत न्हवते. तुमी पोरींकडं बघतबी न्हवता. तुमी माझ्याकडं बघत हुता!"

पुष्पावतीनं चुलीत उगाच काटकी सरकवली. धूर झाला. तो डोळ्यांत गेला म्हणून की काय, तिच्या गालांवरून पाणी ओघळू लागलं...

"माझ्यासाठी सोडलीत ना जागा? आन मी तुमाला भित्री म्हनले! वैनी, मी तुमाला भित्री म्हनले हो!" लंकेनं तिचे पाय धरले.

"पुष्पे..."

दोघींनी दचकून वर पाहिलं. दाराची चौकट धरून आक्काबाई उभ्या होत्या. कितीतरी महिन्यांनी ते नाव त्या घरात उच्चारलं गेलं होतं!

"पुष्पे, त्या सुप्याच्या मानसानं दुसरी आनली. ती पोर चार म्हयन्यांत म्हायेरी पळून आली, अंगावर वळ घिऊन. मला ठावं हुतं गं... कवाच ठावं हुतं! माझी पोर वाचली, ती तुझ्यामुळं, हेबी ठावं हुतं. पन तोंड उघडंना माझं. म्हातारीचा ताठा! आन तू तुझं सपान मोडून आलीस, ते मातर आज कळतंय..." त्या चाचपडत पुढं आल्या आणि सुनेला त्यांनी उराशी धरलं. "माझा काका गेला, पन जाताना लेक ठिवून गेला की गं माझ्याकडं!"

तिघी रडल्या. मग लंकाच नाक पुसून सावरली.

"आये, मला कामाला नगर शहर देत हुते. मी पारनेर मागून घेतलं. वरीसभर हितंच मंडळ चालवनार, घरीच ऱ्हानार. तुझ्यापाशी मी हाय. आता वैनी जातील."

"असं कसं?" पुष्पावती गोंधळली. "माझी जागा तर मी..."

"आपांना समदं सांगितलंय मी. त्या म्हनाल्या, औंदा तालुक्याला पुन्यांदा एक जागा हाय, पन सवलत मिळनार न्हाई. शिबिर पुन्यांदा करावं लागंल, निवडबी पुन्यांदा."

"मग करंल की!" आक्काबाई एकदम ठसक्यात म्हणाल्या. "आन या बारीला गप ऱ्हायली, तर मी सोता तिथं यीन."

उन्हाळ्याच्या त्या सकाळी मोटारस्टँडवर पुष्पावतीला पोचवायला लंकेचा हात धरून आक्काबाई आल्या होत्या. लोक बघत होते. विधवा सुनेला शिकायला धाडणारी सासू पारनेरनं तोवर पाहिली नव्हती. मोटार सुरू झाली तशी आक्काबाईंनी खिडकीतून हात घालून सुनेचा गाल चाचपला.

"पुष्पे, एक इचारू? तिथं म्हाताऱ्या मानसांच्या मनाचाबी अभ्यास करत्यात का गं?"

"ठावं न्हाई, आत्याबाई," पुष्पावती रडत-हसत म्हणाली. "इचारून येते!"