न पाहता लिहिलेला शेरा

शिक्का तुम्ही मारलात, साहेब. मार्तंड ओकानं खोटं लिहिलं, ते त्याचं तो भोगतोय. पण त्या खोट्यावर ‘मंजूर’ म्हणून जांभळा शिक्का उमटवणारा हात तुमचा. तुमचं नाव घेत नाही. खुर्चीला नाव नसतं, हे आता मला ठाऊक झालंय.

मार्तंड अलिबागच्या कचेरीत तपासनीस, मी त्याच्या शेजारच्या टेबलावरचा कारकून. निराधार म्हाताऱ्यांच्या आश्रमांवर वर्षातून एकदा जायचं, खाटा-अन्न-औषधं बघायची आणि छापील तक्ता भरायचा, हे त्याचं काम. मुरुडजवळ खाडीपलीकडे असा एक आश्रम होता. नवाबी गेल्यावर ओस पडलेल्या जकातीच्या बंगल्यात म्हातारी माणसं ठेवलेली. त्यांतच मार्तंडची आनंदीमावशी. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवला, आणि बायकोचं न् तिचं पटेना म्हणून यानंच तिला तिथं नेऊन सोडली. चार महिने काढ, मग नेतो, म्हणाला होता. चार महिन्यांची दोन वर्षं झाली.

सत्तावन्न साली तो तपासणीला गेला तेव्हा ओहोटी होती, होडी चिखलात रुतली असती, असं तो सांगे. तो चिखल कोळणी डोक्यावर पाट्या घेऊन रोज तुडवतात. खरं एवढंच, की मावशीच्या नजरेला नजर द्यायची याची छाती नव्हती. व्यवस्थापकच घावनांचा डबा घेऊन अलीकडे आला. एस.टी.च्या थांब्यावर, बाकावर बसून, तो सांगत गेला आणि हा लिहीत गेला. तक्ता भरला, परतीची गाडी मिळाली.

वर्षभर ते घावन त्याच्या घशात होतं. अठ्ठावन्नच्या मार्गशीर्षात तो न कळवता निघाला. पिशवीत मावशीसाठी नवं लुगडं. बायकोला सांगून टाकलं होतं, मावशीला आणतोय, पटलं तर ठीक, नाहीतर तुझं तू बघ.

होडीवाल्या येसाजीनं वल्हं मारता मारता टोला हाणलाच. “यंदा चिखुल सुकला वाटतं, सायेब?”



व्यवस्थापक पालीला गणपतीच्या दर्शनाला गेलेला. आश्रमात म्हाताऱ्यांचं सगळं करणारी राही तेवढी होती. ही तळा गावाकडची बाई, उंच, हाडं मोठी. तिनं दार उघडलं आणि मार्तंड उंबऱ्यात थबकला. म्हाताऱ्यांच्या खोलीला वास असतो. मुताचा, नारायण तेलाचा, शिळ्या पेजेचा. इथं कसलाच नव्हता. खिडकीबाहेर सुकट वाळत घातलेली दिसत होती, तिचासुद्धा नाही.

त्यानं एकेका गोधडीखाली हात घातला. कोरडी. उन्हातल्या वाळूसारखी. तो राहीला म्हणाला, हात चांगला आहे हो तुझा. तिला काही त्याचा आनंद झाला नाही.

“माजा हात न्हाय, सायेब. तुमचा कागुद शिक्का होऊन आला, तो भिताडाला डकवला. त्या दिसापास्नं येक गोधडी ओली न्हाय. पानी पितात. जातं कुठं, ते इचारू नका.”

भिंतीवर त्याचंच अक्षर होतं. ‘अंथरुणे कोरडी.’

त्याखाली ‘तक्रार नाही’. तो खाटाखाटांवर जाऊन विचारू लागला. भागोजी म्हणून एक शेतकरी म्हातारा होता, पेजेतल्या मिठावरनं व्यवस्थापकाच्या सात पिढ्यांचे वाभाडे काढणारा. मावशीला पोचवायला आला तेव्हा मार्तंडनं ते ऐकलेलं. आज भागोजीनं तोंड उघडलं, आवाजाची वाट बघितली, आणि मिटलं.

मग त्यानं माणसं मोजली. भरली एकोणीस. कागदावरही एकोणीसच. त्याला जरा हायसं वाटलं. निदान आकडा तरी खरा होता.

“मानसं सतराच हायत,” राही हळू म्हणाली. “मंजुरी येकोनिसाची, म्हून म्यानेजर तेवढी सांगतो.”

“मग ती दोघं?”

टोकाच्या दोन खाटांवर दोन जण भिंतीकडे तोंड करून बसले होते.

“ठावं न्हाय. कागुद आल्यावर आली. पेज ठिवते, खातात.”

मार्तंड तिकडे गेला नाही. मावशीजवळ गेला.

ती खिडकीखाली होती, स्वच्छ, विंचरलेली. त्यानं तिचा उजवा हात हातात घेतला. मनगटापासून कोपरापर्यंत तिला भाजल्याचा डाग होता. हा तीन वर्षांचा असताना उकळत्या पेजेच्या पातेल्याशी धावला, तेव्हा तिनं हात मध्ये घातला होता. लहानपणी त्या डागावरून बोट फिरवत तो झोपायचा.

हात कोवळा, गुळगुळीत होता. डाग नव्हता.

कागदावर होतं, ‘अंगावर जखम वा डाग नाही.’

“मार्तंडा,” ती हसली. “आलास होय? बस.”

“मावशे, चल. घरी न्यायला आलोय.”

“कुणाला रे?”

“तुला.”

परक्याच्या पोरानं काही गमतीचं बोलावं आणि आपण कौतुकानं ऐकावं, तशी ती ऐकत राहिली.

त्यानं तिला उठवायला बघितलं. तिची बोटं खाटेच्या काठावरून निघेनात. त्यांत जोर नव्हता. नुसती निघेनात.

शेवटची ओळ त्यानं तेव्हा वाचली. ‘घरी जाण्याची इच्छा: कोणाचीही नाही.’

ही ओळ व्यवस्थापकानं सांगितली नव्हती. तो हात धुवायला गेला तेव्हा मार्तंडनं ती आपल्या मनानं लिहिली होती.

मार्तंडनं कागद फाडला. काही झालं नाही. मावशी हसतच होती.

तिथंच बसून त्यानं तुम्हाला खरं लिहिलं, साहेब. मी खाडी ओलांडली नव्हती. माणसं सतरा आहेत. माझा अहवाल रद्द करा, हवं तर मला काढून टाका. आनंदीबाईंना घरी जायचं आहे.

पंधरा दिवसांनी तुमचं उत्तर आलं. अहवाल मंजूर असल्यामुळे रद्द होत नाही. मात्र रहिवाशांची संख्या दुरुस्त केली आहे. वीस.

वीस त्यानं कुठंच लिहिलं नव्हतं.

मार्तंड सध्या घरीच असतो. कशाला नाही म्हणत नाही. परवा दाढी करताना पातं गालात खोल गेलं, बायको ओरडली. रक्त आलं नाही.

काल राहीचा निरोप आला. आनंदीबाईंच्या शेजारी आणखी एक खाट पडली आहे. तिनं मांडलेली नाही.

तो विसावा कोण, हे मी विचारत नाही. एवढंच लेखी कळवा, साहेब, की वीस हा आकडा तुम्हाला सांगितला कुणी?