मागची फळी

"तू घाबरलीस, असं सरळ म्हण ना!" मी लेकीवर ओरडले.

"घाबरले. मग?" ती म्हणाली. "उद्या पोरांना नावेत न्यायचं नाही म्हणजे नाही."

"वीस पोरं यायची आहेत पाणमांजरं बघायला. मास्तरीणबाईंनी दोन वर्षांनी आपण होऊन विचारलंय. त्यांना काय सांगू? एवढी थोरली लेक पाण्याला भिते?"

"काहीही सांग. थापा मारायला तुला मी शिकवायला नको."

भर दुपारी, धक्क्यावरच्या शेडमध्ये आमचं जुंपलं होतं. मी पोरांच्या जॅकेटांचे पट्टे तपासत होते. खाली नाव बांधलेली. काल लेक एकटीच इंजिन तपासायला पार लव्हाळ्यांपर्यंत जाऊन आली होती. तेव्हापासून ती नावेत पाय ठेवत नव्हती, आणि का, ते सांगतही नव्हती.

"मागची बाजू बघ," ती म्हणाली. "रिकामी नाव, आणि मागून चार बोटं खाली."

"लाकूड पाणी प्यालंय."

"दोन वर्षं नाव जमिनीवर पालथी पडून होती, आई. पाणी प्यायला गेली कुठे?"

मी पुढचं जॅकेट ओढलं. परवा नाव पाण्यात सोडली तेव्हा मलाही ते दिसलं होतं. वाळूच्या पिशव्या पुढे टाकून पाहिल्या. पुढची बाजू दबली, पण मागची काही वर आली नाही.

आता जे सांगते ते तोवर मी कुणालाच सांगितलं नव्हतं. लेकीलाही नाही.

शाळेची पायरी मी चढलेली नाही. अक्षराला अक्षर जुळवत पक्ष्यांचं पुस्तक वाचलं, आणि त्याचा मला केवढा ताठा! शिकल्यासवरल्या माणसांच्या चुका काढायची चटकच लागली होती. दोन वर्षांपूर्वीची ती सकाळ. धुकं असं की नावेचं टोक दिसेना. अशीच शाळेची पोरं बसलेली. पाण्यातल्या एका खोडावर काळा पक्षी दिसला, आणि मी ऐटीत म्हटलं, "तो बघा, पाणकावळा."

पुढच्या फळीवर आठ वर्षांची एक मुलगी होती. तोंडाचा पट्टा अखंड चालू, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणायचे. ती म्हणाली, "आजी, हा पाणकावळा नाहीये. तिरंदाज आहे. मान बघा ना त्याची, सापासारखी."

पोरं खो खो हसली.

तिचं बरोबर होतं. बरोबर आहे हे मला दिसत होतं.

मास्तरीणबाई एका ओकणाऱ्या पोराला सांभाळत होत्या. मी भिंगरीला दंडाला धरून उठवलं, मागच्या फळीवर एकटीला नेऊन बसवलं आणि कानाशी वाकून म्हटलं, "आता तोंडातून एक शब्द काढलास तर सगळ्यांना परत नेईन. तुझ्यामुळे." इंजिनाच्या घरघरीत ते दुसऱ्या कुणाच्या कानावर गेलं नाही.

लव्हाळ्यांपाशी इंजिन बंद केलं. चिखलाचा, कुजक्या पानांचा वास अंगावर आला. आणि थोड्या वेळानं पाणमांजरं निघाली, चांगली तीन पिल्लांसकट! सगळी पोरं श्वास रोखून पुढे बघत होती. तेवढ्यात मागे हलकेच 'डुबुक' असं वाजलं… मला वाटलं, चौथं पिल्लू. मी हसलेसुद्धा.

ती ओरडली नाही हो. एकदाही नाही.

जॅकेट तरंगताना सापडलं. पट्टे लावलेले होते, तसेच. ती सापडली तिसऱ्या दिवशी. चौकशीला आले त्यांना मी सांगितलं, "आपणहून मागे जाऊन बसली." मास्तरीणबाई रडत म्हणाल्या, "फार चंचल होती हो." मी मान हलवली. पोरांना कुणी काही विचारलंच नाही. एवढं जग पाहिलं, किती जणांशी भांडले, कुणापुढे मान खाली घातली नाही; पण ती हलवलेली मान मला रात्रंदिवस छळते.

तरी त्या दुपारी माझा हेका सुटेना. वीस पोरं सुखरूप नेऊन आणली की सगळं धुऊन निघेल, असं मनानं घेतलं होतं.

"राहा तू घरी," मी लेकीला म्हटलं. "मी एकटी नेते. तुझ्यावाचून काही अडत नाही."

"आई, ऐक माझं…"

"काल काय झालं ते सांग आधी! नुसती कोड्यात बोलू नकोस."

लेक जॅकेटांच्या ढिगावर मटकन बसली. वारा नव्हता. खाली नावेचा दोर करकरला… थांबला… पुन्हा करकरला.

"इंजिन बंद केलं…" ती अगदी हळू म्हणाली. "आणि मागच्या फळीवरून कुणीतरी बोललं. लहान मुलीचा आवाज… मी वळून नाही पाहिलं."

"काय बोललं?"

लेकीनं माझा हात धरला.

"म्हणाली, आजींना सांगा, तो पाणकावळाच होता… आता मी पोरांमध्ये येऊन बसू?"